भक्कम जमिनीचा अहवाल

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. ओतूर
डोंगरावर ट्रेकर्ससाठी पायवाट होणार. त्याआधी त्या सात किलोमीटरच्या वाटेखाली जुनं काही पुरलेलं आहे का, हे सांगणारा अधिकारी माणूस म्हणजे मी. संकल्प : रोज पहाटे पाचला उठणे. इंच न् इंच पायी तपासणे.

४ नोव्हेंबर. सकाळी ९.४०
गुडघा दुखतोय. पहिल्या चढापर्यंत गेलो. पुढे असिस्टंट प्राचीला पाठवलं. तरुणांना संधी द्यायला हवी. मला फोटोवरून सगळं कळतं.

६ नोव्हेंबर
प्राचीनं फोटो आणला. पठारावर, ऐन वाटेत, कमरेएवढा दगडांचा ढीग. शेळ्या चारणारी ठकूबाई तिला म्हणाली म्हणे, हात लावू नका, खाली जुनं पाण्याचं टाकं हाय, लई खोल. आमचा गोऱ्हा गेला तो वर आलाच न्हाई. तवापास्नं तोंड झाकलंय, अन् जाणारा-येणारा एकेक दगड टाकतो, कुणी पाय देऊ नये म्हणून.
प्राची म्हणे खणून बघू. मी विचारलं, एम.ए. कोणाचं झालंय? रिपोर्टात लिहिलं : लोकश्रद्धा. अवशेष नाहीत. जमीन भक्कम. सही झोकात आली.

१२ नोव्हेंबर
कंत्राटदार मोईजभाऊंना पायऱ्यांसाठी दगड कमी पडले. म्हटलं, तो ढीग उचला की राव! साहेब, नक्की ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. लेखी दिलं.

१९ नोव्हेंबर
ढिगाखाली घडीव फरशा निघाल्या. त्यांचे झकास बाक झाले. फरशांखाली बाभळीच्या कुजक्या फांद्या. त्यावर मुरूम पसरला.
मोईजभाऊ म्हणतात, मुरूम ठोकायला धुम्मस मारली की खालून ढोलासारखा आवाज येतो, गडी तिथं उभं राहायला तयार नाहीत. डोंगर असा वाजतोच. बहुतेक. उद्या स्वतः जाऊन बघायचंच.

२० नोव्हेंबर
मिसळ बाधली. गेलो नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४
उद्या उद्घाटन. साठ शाळकरी मुलं चालणार. भाषणाची जागा बघायला पहिल्यांदाच पठारावर गेलो. मुरुमावर काठी टेकली. काठी गेली. अख्खी, हातातून. जरा वेळानं खाली पाणी वाजलं. भोकातून गार वारा येत होता.
पायवाट समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, बोला, तुमचाच रिपोर्ट वाचतोय, भक्कम म्हणून निमंत्रणपत्रिकेतही छापलंय. मी म्हटलं, काही नाही, सहज केला होता.
उद्या मुलांना कडेकडेनं नेईन. नक्की.

३० नोव्हेंबर, रविवार. ११.१५
एका बाजूला दरी आहे, दुसऱ्या बाजूला उभा कातळ. कडेनं वाटच नाही. फोटोत हे दिसलं नव्हतं, आणि काल काठी गेल्यावर बघायचं राहिलं.
ठकूबाई वाटेत आडवी बसलेली. मागे मुलांची रांग. अध्यक्षांनी माईकवरून मला विचारलं, साहेब, इथं खाली काही आहे का? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, रिपोर्टप्रमाणे काही नाही.
ठकूबाई उठली. बरं बाबा, म्हणाली, मंग पयलं तुमी चाला.
टाळ्या पडल्या. मुरुमाचा पट्टा जेमतेम वीस पावलांचा. हसत हसत पाय उचलायला गेलो. उचलेना. दुसरा उचलून बघितला. तोही नाही. पँटसकट दोन्ही पाय लटलटा कापायला लागले आणि मी सगळ्यांसमोर मटकन खाली बसलो.
मुलांच्या पुढे वैजयंतीबाई होत्या, त्यांच्या शिक्षिका. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं नाही. माझ्या पायांकडे पाहिलं आणि मुलांना म्हणाल्या, मागे फिरा.
सगळे खाली उतरले. मी अजून इथंच बसलोय. उठता येत नाहीये.