बाळंतिणीची गल्ली

लातूर, ता. २८ नोव्हेंबर १९९९

चि. रामकिशन यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी लेक सृष्टी ठणठणीत आहे. क्लासहून आली की पुस्तकात डोकं घालते. जेवायला चार हाका माराव्या लागतात. तूर पोचली. भावजयीला सांग, डाळ लई मऊ शिजते.

मोठी बातमी म्हणजे खानावळीच्या मागच्या खोलीत मुलगी जन्मली. माझ्याकडं रोट्या भाजतो त्या जहांगीरची. अफगाणिस्तानात घर जळालं, भाऊ मारले, म्हणून तो आणि त्याची उमैमा जीव घेऊन इकडं आले, हे मागं लिहिलंच होतं. बाळंतपण शेजारच्या हुसेनबीनं केलं. बाळंतिणीची खूण म्हणून मी त्या खोलीच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, उंबऱ्याशी शेगडी ठेवली. उमैमाला आपलं बोलणं अर्धंच कळतं. पण वाऱ्यानं पत्रा वाजला की ती अन् मी एकदमच बाहेर पळायचो. आपल्या भूकंपासारखी त्यांच्याकडंही जमीन हादरली होती म्हणे.

पोरीला बघायला ये. मामा आहेस, रिकाम्या हातानं येऊ नको.

तुझी वाट बघणारी,
गुणाबाई

नायगाव, ता. ४ डिसेंबर १९९९

ती. अक्कास रामकिशनचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून झोप उडाली. दाजी गेल्यापासून तू एकटीनं निभावलंस, तुला शिकवणारा मी कोण? पण ही परमुलखातली माणसं. राहायची परवानगी न्हाई. दारात पोलीस आले तर सृष्टीच्या बारावीचं काय? तिला डॉक्टर करायचं म्हणून तर लातूरला ठेवली.

रागावू नकोस. तिथल्या एका ओळखीच्या जमादाराच्या कानावर घातलं आहे. माणूस चांगला आहे. तो त्यांना गुपचूप दुसरीकडं जायला सांगेल, तुझं नाव येणार नाही.

धाकट्यावरची माया आटू देऊ नये.
तुझा रामकिशन

लातूर, ता. १२ डिसेंबर १९९९

रामकिशन,

आशीर्वाद लिहायला हात धजला नाही, म्हणून लिहिला नाही.

तुझा चांगला माणूस गुरुवारी साहेबाला घेऊन आला. जहांगीरला पिठाच्या हातांनी जीपमध्ये घातलं. नवरा-बायकोला जोडीनं परत धाडणार. जिथून जीव वाचवून आले, तिथंच. उद्या बाईला न्यायला येतो, तयार ठेवा, असं साहेब सांगून गेला. ओली बाळंतीण! तयार ठेवा म्हणे, जसा डबाच भरून ठेवायचा.

हुसेनबीनं गल्ली गोळा केली. तिचा आसिफ वकील. तो लागलीच औरंगाबादच्या कोर्टाकडं निघाला. तोवर उमैमाला राखणं आमच्याकडं. समोरची दानम्मा म्हणाली की बाळंतिणीच्या खोलीत सासरासुद्धा शिरत न्हाई, पोलीस कसा शिरेल? हुसेनबी म्हणाली, बाईपोलीस शिरेल. मग आम्ही बाळंतिणीची खोली कुठली, तेच कळू दिलं नाही. गल्लीतला लिंब पार बोडका केला. घराघराला डहाळा, उंबऱ्याउंबऱ्याला शेगडी. हिंदूंच्या, मुसलमानांच्या, क्लासच्या पोरांच्या होस्टेललासुद्धा. उमैमा कुठल्या घरात होती ते तुला लिहिणार नाही.

सकाळी ते आले. पहिल्याच घरात आपल्या शरणम्मा, वय सत्तरीचं, कानाला फडकं बांधून खाटेवर बसलेल्या, डिंकाचा लाडू चघळत. बाईपोलिसाला त्यांनी विचारलं की नुसतीच आलीस, बाळंतविडा कुठं हाय? शिपाई तोंड फिरवून हसले. साहेब भडकला, सगळी घरं उघडा म्हणाला. तेव्हा बाया आपापल्या उंबऱ्यावर बसल्या. होस्टेलची पोरं क्लास बुडवून जिन्यात बसली. कुणी हललं नाही. शेवटी त्या बाईपोलिसानंच सांगितलं, साहेब, मला लेकरं हायेत, मी डहाळा ओलांडणार न्हाई. जीप रिकामी गेली.

रामकिशन, भूकंपात माझा नवरा गेला, लेकरू गेलं. मला ढिगाऱ्यातून काढणारे हात कुणाचे होते, मला आजवर माहीत नाही. तुला परवानगी आहे का, असं त्यांनी मला विचारलं नव्हतं. अन् तू आपल्या मुलीच्या अभ्यासासाठी दुसऱ्याची मुलगी मरणाकडं लोटलीस. त्या दिवशी माझ्या घराच्या दाराला डहाळा कुणी बांधला माहीत आहे? सृष्टीनं. तिला न्यायला येऊ नको. ती येणार न्हाई म्हणते, अन् मीही धाडणार नाही.

गुणाबाई

नायगाव, ता. १७ डिसेंबर १९९९

ती. अक्कास सा. न.

काय लिहू? मला वाटलं, नुसतं हुसकून लावतील. जमादाराच्या पाया पडून आलो. आता त्याच्या हातात काही राहिलं न्हाई म्हणतो.

गल्लीतला लिंब बोडका झाला, असं लिहिलंस. डहाळा लवकर वाळतो. शेतातल्या लिंबाचे दोन भारे लातूरच्या एसटीच्या टपावर टाकले आहेत. कशाला, ते कंडक्टरला सांगितलं नाही. या वेळी कुणाच्याच कानावर घातलं नाही.

रामकिशन

लातूर, ता. २४ डिसेंबर १९९९

रामकिशन यास वि. वि.

भारे पोचले. उतरवायला होस्टेलची पोरं गेली होती. शरणम्मांनी सगळ्यात मोठा डहाळा आपल्या दाराला ठेवून घेतला.

पुढच्या तारखेपर्यंत त्यांना देशाबाहेर न्यायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम झाला. काल जहांगीर सुटला. आल्या आल्या त्यानं पोरीला उचललं, अन् तिला घेऊन चुलीपाशी बसला तो उठेचना. नाव हुस्ना ठेवलं. भावजयीनं कुंची शिवली तर घेईन.

पण तारीख म्हणजे सुटका नव्हे. साहेब परत येईल, असं आसिफ म्हणतो. येऊ दे. सव्वा महिना सरला तरी एकही दार डहाळा उतरवणार नाही. आमची गल्ली बाळंतीणच राहील.

माझा राग गेला असं समजू नको. आशीर्वाद अजून लिहीत नाही. पहिले डहाळे वाळले आहेत. आणखी पाठव.

गुणाबाई