चौदा पायऱ्या

हिंगोली,
बुधवार, २२ एप्रिल २०२६

प्रिय दिपाताई,

सप्रेम जयभीम.

पत्राच्या डोक्यावर हे लिहू नकोस, घरात पाकीट कुणाच्याही हाती पडतं, असं तू मागं सांगितलं होतंस. ते माझ्या लक्षात आहे. तुझ्या सासूबाईंना देवनागरी वाचता येतं हेही लक्षात आहे. तरी लिहिलं आहे.

मी बरी आहे. कनेरगाव नाक्याजवळ रस्ता रुंद करायचं काम सुरू आहे, त्याची मोजणी माझ्याकडे आहे. सकाळी सहाला यंत्र लावते आणि साडेदहाला बंद करते, कारण त्यानंतर डांबरावरची हवा हलू लागते आणि समोरच्या पट्टीवरचे आकडे नीट वाचता येत नाहीत. उरलेला दिवस ढाब्याच्या सावलीत नोंदी तपासण्यात जातो. पारा बेचाळीसवर आहे. रविवारी हट्ट्याला जाऊन येते. बाबांची तब्येत ठीक. तुझ्या आरोहीचा पुढचा दात पडलेला फोटो पाहिला.

तुझा निरोप नऊ तारखेला मिळाला. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू फक्त 'हं' आणि 'बरं' म्हणतेस, कारण शेजारी कुणीतरी असतं. म्हणून पत्र. निरोपात दोन कामं होती, क्रमानं लिहिते.

पहिलं काम, तुमच्या होमस्टेच्या पेजसाठी 'लोकांना हिमाचलात काय आवडतं' हे मराठीत लिहून देणं. तू म्हणालीस, उन्हाळ्यात आपल्याकडचीच माणसं जास्त येतात, आणि मी तिथं आठ महिने रस्त्याच्या कामावर होते, तेव्हा मला माहीत आहे. माहीत आहे. लोकांना आवडतं की मे महिन्यात अंगावर रजई लागते. नळाचं पाणी प्यायलं की दात ठणकतात, आणि ते याचं कौतुक करतात. सफरचंदाची झाडं इतकी बुटकी असतात की लहान मुलाचाही हात पोचतो, ते आवडतं. गाडी एखादं वळण घेते, समोर अचानक बर्फ दिसतो आणि गाडीतलं भांडण तेवढ्यापुरतं थांबतं. फोनला रेंज नाही हे फार आवडतं, फक्त वायफाय लागतं. लाकूड-दगडाची जुनी घरं आवडतात, गीझर असेल तर. तिथं कायम राहणाऱ्यांना काय आवडतं, हे मी तुझ्या शेजारणीला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, ऊन. नोव्हेंबरातलं, अंगणात पडणारं. पाहुणे सावलीसाठी येतात आणि राहणारी माणसं उन्हाची वाट पाहतात, हे मला तेव्हा कळलं.

एवढं एका बैठकीत लिहून झालं. मग तुझ्या यादीतला तो मुद्दा आला जो तुला सगळ्यांत वर हवा आहे: 'घरच्या माणसांसोबत चुलीभोवती बसून पहाडी जेवण'. तिथं मी थांबले. ती ओळ मी लिहिणार नाही. का, ते पुढं येईल.

दुसरं काम. तुझे शब्द जसेच्या तसे देते, म्हणजे माझ्याकडून चूक होणार नाही. "बाबा विहारातली अकरा माणसं घेऊन येत्या मे महिन्यात येऊन राहिले. अंगणात उभी राहून मोठ्यानं जयभीम घालतील. गावाला आम्ही देशमुख सांगितलंय. तू त्यांना सांग दरड कोसळली, रस्ता बंद आहे. तू रस्त्यावालीच आहेस, तुझं ऐकतील."

बाबा माझं ऐकतात हे खरं आहे. त्यात तुझा-माझा किती वाटा आहे, ते एकदा लिहून ठेवते.

मागच्या वर्षी बाबा तुझ्याकडे वीस दिवस होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ते हट्टा सोडून कुठं राहिले. तुमच्या घराला खाली एक खोली आहे, पूर्वी गुरांची. वर स्वयंपाक, देव आणि राहणं. मध्ये बाहेरून लाकडी जिना, चौदा पायऱ्या. तुला वर घेतलं, कारण भाऊजी एकुलते. तुझ्या माणसांनी मात्र वर यायचं नाही, ही सासूबाईंची अट तू लग्नाआधी मान्य केलीस. मी तिथं कामावर आले तेव्हा मला हे तू पहिल्याच रविवारी सांगितलंस आणि मी 'ठीक आहे' म्हणाले. आठ महिन्यांत मी त्या घराची उंची, उतार, पायाखालचा दगड सगळं पाहिलं. वरचा मजला पाहिला नाही.

पण बाबांना कोण सांगणार? ते आले, त्यांनी वर पाहिलं, चप्पल काढली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणाले, "बाबा, आपण दोन हजार साठ मीटरवर आहोत. साठीनंतर या उंचीवर जिना चढू नये. हवा पातळ असते, छातीवर ताण येतो. तुम्ही खालीच राहा."

बाबांनी पाय मागं घेतला. "व्हय का? मग आरोही काहून चढून राहिली दिवसभर?"

"लहान मुलांचं वेगळं असतं."

"तसं असंल," ते म्हणाले. "बरं झालं तू इथं व्हतीस."

चौदा पायऱ्या म्हणजे दोन मीटर ऐंशी सेंटिमीटर. दोन हजार साठ मीटर चढून आलेल्या माणसाला वरच्या तीन मीटरनं काही होत नाही. बाबा तीस वर्षं वायरमन होते, विजेच्या खांबावर चढायचे. तो माणूस वीस दिवस जिन्याखाली बसला, कारण त्याची इंजिनिअर मुलगी सांगत होती. तू ताट खाली आणायचीस. पुण्याहून आलेली चार माणसं वर चुलीपाशी बसून जेवायची, त्यांचं हसणं खाली ऐकू यायचं. त्यांना सासूबाईंनी आडनावसुद्धा विचारलं नव्हतं. एकदा मी वर पाहिलं तेव्हा बाबा मलाच म्हणाले, "तरणी माणसं हायत. चढू दे."

ते परत आले आणि वर्षभर एकच बोलत राहिले. पाणी, रजई, देवदार हे होतंच. पण खरं त्यांना आवडलं ते वेगळं. मला कितीदा म्हणाले असतील, "इकडं तार जोडायला बोलवायचे आन् पाणी वरून वतायचे माझ्या ओंजळीत. तिथं एकानंबी इचारलं न्हाई पोरी, तुमी कोण म्हनून. वीस दिसात एकानंबी न्हाई."

ते खरंच कुणी विचारलं नाही. गावाला सांगून झालं होतं आणि घराला माहीत होतं.

तुझा निरोप आला त्यानंतरच्या रविवारी, बारा तारखेला, मी हट्ट्याला गेले. तू सांगितलंस तेच बोलायचं मी ठरवलं होतं. हे लपवत नाही. बसमध्ये वाक्यही तयार केलं होतं, दरडीची जागा आणि किलोमीटर घालून.

जयंती दोन दिवसांवर होती. बाबा विहारातच होते. देविदास शिडीवरून पताका बांधत होता, आणि खाली ओट्यावर जी माणसं तुझ्याकडे यायला निघाली होती ती बसली होती. शेजारच्या भागूआत्यांनी वसमतच्या बाजारातून लोकरीचे मोजे आणले होते आणि ते त्या भर उन्हात सगळ्यांना दाखवत होत्या.

"आत्या, हे हातात घालायचे का पायात?" देविदास वरून म्हणाला.

"तुझ्या तोंडात घालायचे. बांध ती पताका सरळ."

"आन् शेषराव," आत्या बाबांकडे वळल्या, "माझे गुडघे गेलेत. डोंगरावर मला पायऱ्या चढायला लावशील तर मी येत न्हाई, आत्ताच सांगते."

"तुला कोण चढू देतंय?" बाबांनी चष्मा वर केला. हातात वही होती, नावं आणि सूचना लिहिलेली. "सगळ्यांनी ऐका. दिपाच्या घराला वरचा मजला हाय. तिकडं कुणी जायचं न्हाई. तिथं हवा पातळ हाय, छातीला तकलीफ व्हते. आपून समदे खालीच ऱ्हायचं, जेवायचंबी खालीच. करुणानं मोजून सांगितलंय. इचारा तिला, ही आली बघा."

अकरा माणसांनी माझ्याकडे पाहिलं. देविदासनंही शिडीवरून पाहिलं, तो पंचविशीचा आहे. तोही वर जाणार नव्हता.

मी तयार केलेलं वाक्य बोलले नाही. बाबांना म्हणाले, घरी चला, काम आहे.

घरी मी त्यांना पाणी दिलं आणि तीन वाक्यांत सांगितलं. हवेचं काही नव्हतं. सासूबाई आपल्याला वर घेत नाहीत. दिपाला आणि मला माहीत होतं.

त्यांनी पाणी न पिताच भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "ती पुण्याची माणसं वर जेवायची."

"हो."

"किती पायऱ्या व्हत्या?"

"चौदा."

"खांब आठ मीटरचा असतो," बाबा म्हणाले. एवढंच. तुझ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

मग उठले, टोपी घातली आणि परत विहाराकडे निघाले. मी मागं गेले. मला वाटलं ते खरं सांगतील. मला ते हवं होतं, हेही लिहून ठेवते. ते ओट्यावर गेले, वही उघडली आणि म्हणाले, "मेमधलं रद्द. दरड कोसळलीय. रस्ता बंद झालाय."

"कधी सुरू व्हईल?" देविदासनं विचारलं.

"काही सांगता येत न्हाई. करुणानं खबर आणली. तिचं खातंच ते हाय."

पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. मी म्हणाले, "हो. रस्ता बंद आहे."

भागूआत्या म्हणाल्या, "मग हे मोजे आता मी काय करू?" कुणी हसलं नाही.

तेव्हा तुझं काम झालं आहे. तू सांगितलेल्या शब्दांतच झालं. फक्त बाबांच्या तोंडून झालं, आणि त्यांना मी आयुष्यात कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. रस्ता बंद नाही. मी परवा तिथल्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून विचारलं, दोन्ही बाजूंची वाहतूक नीट सुरू आहे. पेजवर तसं लिहायला हरकत नाही. बाकीचा मजकूर सोबत जोडला आहे. चुलीची ओळ त्यात नाही, ती तू स्वतः लिही.

बाबा आता डोंगराचं काही बोलत नाहीत. कुणी विचारलं तर "थंडी लई हाय" म्हणतात.

गेल्या रविवारी पुन्हा गेले होते. आपल्या मधल्या खोलीच्या भिंतीला खिडकीखाली तडा गेला आहे. मी पाहिला, नखानं खरवडला, टॉर्च लावून बाहेरची बाजूही पाहिली. बाबांना म्हणाले, प्लास्टरचा आहे, भिंत शाबूत आहे, काळजी करू नका. ते 'बरं' म्हणाले. तासाभरानं तांड्यावरच्या थावरा मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्रीनं भिंतीवर हात फिरवला, ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "प्लास्टरच हाय वायरमन, भिंतीला काय झालं न्हाई." तेव्हा बाबांनी मान हलवली आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला सांगितला. चहा मीच ठेवला.

पूर्वी ते पंख्याच्या आवाजापासून औषधाच्या गोळीपर्यंत सगळं मला विचारायचे. यापुढं त्यांना काही सांगायचं असेल तर तू स्वतः सांग. माझ्याकरवी निरोप पाठवू नकोस. माझं सांगणं आता या घरात चालत नाही.

करुणा