भिंतीवरून आलेली हाक

प्रिय तेत्सुओ भाऊजी,

न्हाणीघर पाडायला संमती द्या, असं तुम्ही पुन्हा कळवलंत. मी गप्प राहिले, तेव्हा वाटलं असेल, वहिनीला लोभ सुटला.

मामंजींनी ते सार्वजनिक न्हाणीघर निशिजिन पेठेतल्या विणकरांसाठी बांधलं. युद्धातून वाचलं, पण पुढे घरोघरी न्हाण्या झाल्या. तुमचे दादा गेल्यावर मी कुलूप लावलं. आता छपरावर गवत उगवलंय.

काल पालिकेचे कुराता साहेब जुन्या इमारती पाहत आले.

"आजी, इथे कुणी थोर माणूस न्हायला आला होता का?"

"सगळे उघडेच असायचे. थोर कोण, ते कसं कळणार?"

ते हसत पुरुषांच्या बाजूला गेले. मी बायकांच्या बाजूला थांबले.

मधली भिंत छतापर्यंत जात नाही, आठवतं ना? गल्लीतले नवरे आंघोळ उरकली की तिच्यावरून बायकोला हाक मारायचे, म्हणजे दोघं बरोबर घरी जायची. गिऱ्हाइकं गेल्यावर आम्हीही न्हायचो, आणि तुमचे दादा ओरडायचे, "निघालो गं!" ते गेल्यापासून मी रोज कुलूप उघडून बायकांकडच्या कोरड्या हौदाशी बसते. हे कुणाला सांगितलेलं नाही.

काल भिंतीवरून आवाज आला, "निघायचं का?"

"आले हो!" माझ्या तोंडून निघून गेलं.

बाहेर कुराता साहेब बूट घालत होते.

भाऊजी, संमती उद्या पाठवते. हे पत्र मात्र माझ्यापाशीच राहील. हाक आली, मी बाहेर आले. आता आत कुणी नाही.

तुमची वहिनी,
फुमिए