रविवार, अकरा ते अकरा चाळीस

१५ जून २०२५, रविवार

धीरजचा नॉयडाहून फोन. यंदा महालक्ष्म्यांना तिघंही देवासला येणार. चार वर्षांनी. मी नुसतं 'बरं' म्हटलं. फार आनंद दाखवला की मुलं डोक्यावर बसतात, मग ती बेचाळीस वर्षांची का असेनात.

मग शिवांगीला फोन दिला. वय वर्षं नऊ. तिला सांगितलं, महालक्ष्म्यांची कहाणी आपल्याकडे घरच्या मुलीने वाचायची असते, यंदा तू वाच. तर म्हणाली, दादी, कहाणी मतलब स्टोरी?

दादी! माझ्या सासूबाईंनी, भवानीबाईंनी, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या वहीची ही वारस.

दोष कुणाचा? सून उर्वशी लखनौची. शाळा इंग्रजी. शेजार हिंदी. मोबाइल तर आहेच. मी एकटी कुठे कुठे पुरी पडणार?

संकल्प: १ सप्टेंबरला, पूजेच्या दिवशी, शिवांगी अख्खी कहाणी मराठीत वाचेल आणि मला आजी म्हणेल. अकरा रविवार आहेत. ऑनलाइन वर्ग घेणार. चौतीस वर्षं मी देवासच्या अर्ध्या पोरांना इंग्रजी शिकवलं. मराठी तर घरचीच.

१६ जून

समोरचे विश्वासराव येऊन लॅपटॉप लावून गेले. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेत, त्यामुळे सगळ्या यंत्रांतलं आपल्याला कळतं असं त्यांना वाटतं. मला 'होस्ट' केलंय. होस्ट म्हणजे मालकीण. मुलं आधी 'वेटिंग रूम'मध्ये येऊन थांबणार. मी बटण दाबलं तर आत. नको असेल त्याला परत बाहेर धाडता येतं. कडी माझ्या हातात. शाळेने चौतीस वर्षांत मला असं दार दिलं नाही.

विश्वासराव म्हणाले, मिस, इतक्या खूश होऊ नका, बच्चे आहेत, कैदी नाहीत. (अख्खं देवास मला मिस म्हणतं. तेही.) त्यांचा नातू शौर्य सोनकच्छला असतो, त्याचं नाव घातलं. मराठी समाजातले मोनू आणि शिखा ही भावंडंही येणार. शिवांगी धरून चार. चांगला वर्ग लहानच असतो.

२२ जून, रविवार

पहिला वर्ग. यशस्वी.

कॅमेऱ्यात माझं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसतंय, असं मोनू म्हणाला. मी म्हटलं, तू पुस्तकात बघ. अकरा चाळीसला चारही मुलं एकदम गेली, एका क्षणी, घंटा वाजल्यासारखी. पहिल्याच दिवशी एवढी शिस्त!

संध्याकाळी विश्वासरावांनी सांगितलं की फुकटातली मीटिंग चाळीस मिनिटांनी आपोआप बंद होते. होत असेल. पण गडबड न करता गेली, हे खरंच ना?

२५ जून

भवानीबाईंच्या वहीचे फोटो काढून शिवांगीला पाठवले. सात पानं. उर्वशीचा मेसेज: मम्मीजी, चौथ्या पानावर तुमचा अंगठा आलाय, एक ओळ दिसत नाही. दुसरा पाठवा.

पाठवीन. एका ओळीने काय अडतंय? आधी बाकीच्या तर वाचा.

२९ जून, रविवार

ही मुलं वर्गात सर्रास हिंदी बोलतात. शौर्य ओरडतो, मिस, आवाज कट री हे. मोनूला विचारतो, ओ भिया, तेरे को सुनाई दे रिया हे क्या? शिवांगीही त्यांच्यात. देवनागरी येते, मराठी येत नाही. म्हणजे गाडी आहे आणि रस्ता ठाऊक नाही. 'ळ'चा तर 'ल' करून ठेवलाय सगळ्यांनी.

आमच्या कॉन्व्हेंटात एक लाकडी पाटी होती. घरची भाषा बोलणाऱ्याच्या गळ्यात दोरीने अडकवत. पुढचं कुणी सापडेपर्यंत उतरायची नाही. मला दोनदा मिळाली. तीन महिन्यांत इंग्रजी आलं. पुढे मी मिस झाल्यावर आमच्या शाळेतही ती पद्धत आणली. पालक खूश होते.

लॅपटॉपला पाटी कुठे अडकवणार? विचार करत होते आणि एकदम सुचलं. वेटिंग रूम! हिंदी-इंग्रजी बोललं की दोन मिनिटं बाहेर. सिस्टर सुपीरियरनाही हे सुचलं नसतं.

६ जुलै, रविवार

नियम लागू. शौर्य चारदा बाहेर, मोनू तीनदा, शिखा दोनदा, शिवांगी तीनदा. शेवटची दहा मिनिटं वर्गात पूर्ण शांतता. कुणी एक अक्षर बोललं नाही. याला म्हणतात वातावरण.

उर्वशीचा मेसेज, वर्गानंतर शिवांगी रडली म्हणून. त्यांच्या माहेरी सगळेच हळवे आहेत.

१३ जुलै, रविवार

मोनू, शिखा आले नाहीत. चुलत भावाचा बर्थडे.

२० जुलै, रविवार

मोनू, शिखाचा पुन्हा कुणा भावाचा बर्थडे. खानदान मोठं आहे. शौर्य कन्नौदला मामाकडे, तिथे म्हणे रेंज नाही. विश्वासराव चहाला आले आणि म्हणाले, मिस, खरं सांगू का, बच्चे डरतात तुम्हाला. मी म्हटलं, मला नाही, ळ ला घाबरतात. ते म्हणाले, ळ ने आजवर कुणाला बाहेर नाही काढलं.

पुढच्या वेळी साखर कमी घालणार आहे त्यांच्या चहात.

२७ जुलै, रविवार

एकटी शिवांगी. मी तर म्हणते उत्तम झालं. व्यक्तिगत लक्ष देता येतं.

दुसरं पान निम्मं वाचलं. अडखळत, पण वाचलं. 'सकाळ' म्हणताना जीभ वर नेऊन थांबली, आणि मग आला बाई ळ! माझ्या तोंडून निघालं, शाब्बास. ती हसली आणि म्हणाली, थँक्यू, आजी.

वेळ ११.२२. लिहून ठेवते.

नियमाप्रमाणे 'थँक्यू'बद्दल बाहेर काढायला हवं होतं. बटण सापडलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

शिवांगी आजही छान. 'सूनबाई' म्हणजे मम्मा का, असं मराठीत विचारलं. पुढच्या खेपेला सरप्राइज आहे म्हणाली.

संध्याकाळी धीरजचा फोन. त्याला वेटिंग रूमची युक्ती सांगितली. म्हणाला, आई, तू मलाही पाटी घातली होतीस. तिसरीत. वर्गात मी तुला आई म्हणालो होतो म्हणून.

मी म्हटलं, मग? मिसच्या मुलाला सूट दिली असती तर दुसऱ्यांच्या मुलांना कुठल्या तोंडाने घातली असती? त्यानंतर आठ दिवस तो घरीसुद्धा मला मिस म्हणायचा. पोळी वाढ, मिस. झोप आलीय, मिस. स्टाफरूममध्ये मी कौतुकाने सांगितलं होतं, डिसिप्लिन कशाला म्हणतात बघा.

धीरज हसला. मग मध्येच फोन तुटला. नॉयडाचं नेटवर्क आपण समजतो तितकं चांगलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

राखीसाठी शिवांगी लखनौला. वर्ग नाही. महालक्ष्म्यांचे मुखवटे काढून पुसले. शिवांगीसाठी हिरवा परकर शिवायला टाकला. माप अंदाजाने दिलं. चार वर्षांत मुली किती वाढतात, कुणाला विचारायचं?

१७ ऑगस्ट, रविवार

आज दोन विद्यार्थी. विश्वासरावांनी दम देऊन शौर्यला बसवलं होतं. शिवांगी आली ती जवळजवळ उड्या मारतच. तोंड उघडलं आणि म्हणाली, दादी, सुनो ना, सुनो ना!

आता शौर्य बघतोय. तो चारदा बाहेर गेलेला. घरच्या मुलीला सूट दिली तर माझा शब्द काय राहिला? बाहेर काढलं. दोनच मिनिटं.

मग शौर्यने विचारलं, मिस, इतकी शिस्त कशाला? चांगला प्रश्न. मी त्याला कॉन्व्हेंटची सगळी गोष्ट सांगितली. पाटी, सिस्टर सुपीरियर, तीन महिन्यांत आलेलं इंग्रजी. रंगून ऐकत होता. (विश्वासराव नंतर म्हणाले, त्याचं चित्र अडकलं होतं.) वर कोपऱ्यात एक लाल टिकली सारखी येत होती. जाहिरात असेल म्हणून लक्ष दिलं नाही. अकरा चाळीसला वर्ग संपला.

शिवांगी परत आली नाही. रुसली असेल.

१८ ऑगस्ट

उर्वशीचा फोन. ती माझ्याशी कधी मोठ्याने बोलत नाही. आजही बोलली नाही. ते जास्त वाईट वाटलं.

म्हणाली, मम्मीजी, शिवांगी पस्तीस मिनिटं स्क्रीनसमोर बसून होती. नवा फ्रॉक घालून, वही मांडीवर घेऊन. अख्खी कहाणी तिने आणि धीरजने मिळून बसवली होती. रोज संध्याकाळी अर्धा तास, महिनाभर. तेच तिचं सरप्राइज होतं. मी तिला म्हटलं, उठ बेटा, दादी भूल गई होंगी. तर म्हणाली, नहीं मम्मा, यहाँ लिखा है ना, होस्ट विल लेट यू इन सून.

मी सांगितलं, लॅपटॉपमध्ये बिघाड होता.

१९ ऑगस्ट

विश्वासरावांना लॅपटॉप दाखवला. त्यांनी उलटसुलट करून बघितला. बिघाड नाही म्हणाले. लाल टिकली म्हणजे बाहेर कुणीतरी थांबलंय. टिकलीवर बोट ठेवलं की नाव दिसतं.

चहा न घेता गेले. मी साखर घातली होती.

२४ ऑगस्ट, रविवार

पावणेअकरालाच बसले. टिकलीवर डोळे ठेवून. पहिल्यांदा तिचंच नाव दिसेल, लगेच आत घ्यायचं, काहीही बोलली तरी. अकरा. सव्वाअकरा. शौर्यला ताप आहे म्हणे. लिंक जुनीच चालते ना, ते विचारायला विश्वासरावांना फोन केला. चालते म्हणाले.

२८ ऑगस्ट

धीरजचा फोन. रजा मिळत नाही. शिवांगीची युनिट टेस्टही आहे. यंदा जमणार नाही. मी म्हटलं, अगदी बरोबर, परीक्षा बुडवू नये. तो म्हणाला, पण कहाणी शिवांगीच वाचेल, ऑनलाइन. सोमवारी ती शाळेतून आली की साडेतीनला. लिंक मी पाठवतो.

तरी बघा, १ सप्टेंबरला शिवांगी कहाणी वाचणार. म्हणजे संकल्प पुरा झाला म्हणायचा.

परकर आला. शिंप्याने सुरेख शिवलाय.

१ सप्टेंबर, सोमवार. महालक्ष्मीपूजन

नैवेद्य साडेतीनपर्यंत थांबवला. विश्वासराव आणि त्यांची मंडळी अक्षता घेऊन बसली. लॅपटॉप महालक्ष्म्यांच्या बाजूला पाटावर. मी लिंक दाबली. आज होस्ट धीरज. मी बाहेर.

होस्ट विल लेट यू इन सून. पांढऱ्या पडद्यावर तेवढंच वाक्य. व्याकरण निर्दोष. धीरजच्या ऑफिसच्या मीटिंगमुळे अकरा मिनिटं लागली. आपण आहोत हे आतल्यांना दिसतंय का, ते बाहेरून कळत नाही. हाक मारायला बटण नाही. मला अडुसष्ट वर्षं झाली आहेत आणि मला अकरा मिनिटं जड गेली.

मग शिवांगी दिसली. केस किती वाढलेत! हात जोडून बसली आणि वाचायला लागली. आटपाट नगरापासून शेवटापर्यंत. एक हिंदी शब्द नाही. ळ म्हणजे ळ. चौथ्या पानावर माझ्या अंगठ्याखालची ओळही वाचली. तो फोटो मी पुन्हा पाठवलाच नव्हता. मी विचारलं, ही कुठून आणली? धीरज मागून म्हणाला, पाठ आहे मला, आई. आत्या वाचायची तेव्हा मी ऐकत बसायचो.

मला ठाऊक नव्हतं. इंग्रजी पक्कं होईपर्यंत कानावर मराठी कमी पडावं म्हणून मी त्याला तेवढा वेळ खेळायला पाठवत असे. तो गेलाच नव्हता तर.

विश्वासरावांनी डोळे पुसले. प्रेसचा माणूस, इतका हळवा असेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, शंभरपैकी शंभर!

शिवांगी हसली नाही. आधी बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. एकेक शब्द जपून टाकत म्हणाली, बरोबर वाचलं ना, मिस?

मी हो म्हटलं.

अक्षता वाहायच्या राहिल्या. पानं वाढताना लक्षात आलं, मुठीतच आहेत.

दादी चाललं असतं.

७ सप्टेंबर, रविवार

वेटिंग रूम कशी काढून टाकतात ते विश्वासरावांना विचारून घेतलं. सोपं आहे. एक खूण पुसायची. आता कुणीही, कुठल्याही भाषेत बोलत, सरळ आत येऊ शकतं. सगळ्यांना तसा मेसेज टाकला. शिवांगीला हिंदीत टाकला.

१०.४५. बसले. कॅमेरा खाली केला. पंखा दिसत नाही, चेहरा दिसतोय. हिरवा परकर मागे खुर्चीवर दिसेल असा ठेवलाय.

११.००. मीटिंग सुरू केली.

११.२०.

११.४०. मीटिंग आपोआप बंद झाली. एकटीलाही चाळीसच मिनिटं देतात.