सव्वासहाचा पडदा

माय, परवा भर दुपारी सौसरच्या बसस्टँडवर उभं राहून मी मोबाईलवर एक बोट दाबलं आणि पांढुर्ण्यातल्या एका घराचे सातही पडदे खाली पाडले. त्या क्षणी माझं सगळं बदललं. तुला जाऊन दहा वर्षं झाली, पण तुझी थापड मला तिथं पुन्हा लागली.

तुला आधी हे काम समजावून सांगतो. तू चुलीजवळच मशीन मांडून पडदे शिवायचीस, एक डोळा भातावर अन् एक टिपेवर. मी आता तसलेच पडदे मोटरवर चालवतो. वरच्या पाइपात मोटर बसते, ती वायफायला जोडली की मालक मोबाईलवरून पडदा वर-खाली करतो, वेळ लावून दिली तर पडदा आपोआप उघडतो. छतात काचेची खिडकी असली तर तीही उघडते, गरम हवा बाहेर जाते, पावसाचा थेंब पडला की स्वतःच मिटते. तू म्हणाली असतीस, "कावून, लोकायचे हात मोडले काय?"

कॉलेज मी अर्ध्यात सोडलं. एका पोरीवरून एकाची कॉलर धरली, सर म्हणाले माफी माग, मी ओळखपत्र टेबलावर फेकून निघून आलो. त्या पोरीला धड माहीतही नव्हतं. वर्गात उशिरा आली की ती सरांना सांगायची, "तोंडावर ऊन आल्याबिगर मले जागच येत नाही." एवढं वाक्य मी तीन वर्षं जपलं. नागपूरला हे काम शिकलो, परत आलो, अन् या उन्हाळ्यात काम मिळालं ते नेमकं तिच्या बाबांच्या नव्या घराचं. सात पडदे, जिन्यावरच्या छतात एक काच, त्यातला एक पडदा त्या काचेखालीच. तिच्या खोलीचा पडदा सकाळी सव्वासहाला उघडेल असा मी कोणी न सांगता लावून दिला.

काम संपलं की ॲपमधलं ते घर मालकाच्या मोबाईलवर सोपवायचं आणि आपलं नाव तिथून काढायचं, अशी रीत आहे. तिच्या बाबांना मी पडदे चालवायला शिकवलं, पण मालकी माझ्याकडेच ठेवली. उद्या काढतो, परवा काढतो. रोज सव्वासहाला माझा मोबाईल थरथरायचा: पडदा उघडला. मला वाटायचं, ती मलाच उठल्याचं सांगून राहिली.

सावरगावचं ते घर तुला आठवतं? मी पाचवीत आहे, जाम नदीचा पूल ओलांडून तुझ्यासोबत माप घ्यायला आलो आहे. आतल्या खोलीच्या खिडकीला खताचं पोतं टांगलेलं आहे, आणि ते घर माझ्या वर्गातल्या पोराचं आहे. दुसऱ्या दिवशी मी शाळेत सगळ्यांना पोत्याचं सांगून हसवलं. संध्याकाळी तू मला स्वयंपाकघरात उभं केलंस आणि एकच थापड दिलीस, की कानात मशीन चालू झाली. "लोकं आपल्याले आतल्या खोलीत नेतात. तिथून माप घेऊन निघायचं. दुसरं काही न्यायचं नाही." मग उरलेल्या निळ्या कापडाचा पडदा शिवलास आणि तो माझ्याच हाती त्या घरी धाडलास. आजारी पडलीस तेव्हा तुझा टेप मला दिलास. आता तो ताणला गेला आहे, माप इंचभर कमी दाखवतो, कामाला मी लोखंडी वापरतो. पण खिशात तुझाच असतो.

परवा सौसरच्या बसस्टँडवर चहाच्या टपरीवर दोस्त म्हणाला, "तुह्यावालीले पाहाले आज वरूडचे पाहुणे आले ना बे." माझं डोकं फिरलं. मी छताची काच मिटवली, सगळे पडदे खाली पाडले. तिकडून घरातले वर करत होते, इकडून मी पुन्हा खाली. मग तिच्या बाबांचा फोन आला. "अगा भाऊ, घरात पुरा अंधार झाला. बुढी घाबरून राहिली, पाहुणे बसले आहेत. तुह्याबिगर कोणाले समजते हे?" मी पडदे वर केले आणि म्हणालो, करंट वर-खाली झाला असंल. ते म्हणाले, "देवावानी धावला बापा!"

तेव्हाच कान गरम झाला, माय.

आज गेलो. दार तिनंच उघडलं. मी उंबऱ्यावरच सांगून टाकलं, मीच पाडले.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "म्हणे करंट! पंखा तर फिरून राहिला होता. बाबाले म्या सांगितलं नाही. तू सांग."

सांगितलं. बाबांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि मोबाईलसाठी हात पुढे केला. ॲपमधलं घर त्यांच्या नावावर केलं, माझं नाव काढलं. "आता येजो नको," एवढंच म्हणाले. पांढुर्णा केवढं, गोष्ट उद्या बाजारात पोचेल. पोचू दे.

जिन्याखाली मी विचारलं, "जमलं काय?"

"जमलं. अंधार झाला तं सगळ्यात आधी त्यानंच उठून आजीचा हात धरला." ती हसली नाही, मीच हसलो. माझ्याच बोटानं तिचं लग्न जमवलं. मी विचारलं, सव्वासहाची वेळ कशी काढायची ते सांगू का? ती म्हणाली, "राहू दे. ते बरं आहे."

हे पत्र तुझ्या मशीनच्या खणात ठेवीन, दुसरं कुठं पाठवणार? तू त्या दिवशी मारलं नसतंस तर मी आजही बसस्टँडवर उभा राहून बोट दाबत असतो. सगळं सांगून मोकळा झालो असं लिहिणार होतो, पण एक राहिलं: तिथून काहीच आणलं नाही असं नाही. सव्वासहाचा गजर मी माझ्या मोबाईलवर लावून घेतला आहे. तेवढं माप समज. निघताना तुझा टेप खिशात चाचपला, बाहेर आलो, आणि त्या घराचं दार हातानं ओढून घेतलं.