दगडांजवळची बाई

एउसेबियो दादा,

हे पाचवं पत्र. आधीची चार चुलीत गेली.

आंदोलनात दगड रचून ओरुरो शहराकडचा रस्ता अडवला त्या दिवशी दगडांजवळ कोण बाई होती, हे तू आमच्या गावात येऊन अजून विचारतोस. ती मी होते.

त्या दिवशी रस्त्यावर पहाऱ्याची पाळी आमच्या घराची होती. तोंडाला फडकं, गालात चघळायला कोकाची पानं. तू बसमधून उतरलास, टोपी काढलीस. "बाई, आईला दवाखान्यात न्यायचंय. सोडा हो!"

मागे सासरचा अख्खा गाव उभा होता. "सुनेनं माहेरची बस सोडली" हे मला जन्मभर ऐकावं लागलं असतं. मी आवाज बदलून म्हणाले, "आजारी माणसं सगळ्यांकडेच असतात. मागे फिरा."

मग तू आईला पाठीवर घेऊन डोंगरातून निघालास. खिंडीतच ती गेली.

पण त्याआधी बसच्या खिडकीतून ती माझ्या शालीकडे एकटक बघत होती. शाल तिनंच विणलेली. तू विचारलंस, "ओळखतेस का गं हिला?"

आई म्हणाली, "नाही रे. आपलं कुणी असतं तर सोडलं असतं."

तुझी धाकटी,
सेनोबिया