शनिवार-रविवार सोडून खोली

सोमवार, ७ जुलै

आज मामांचा बंगला विकून टाकला. इलाजच नव्हता. सत्यम बघायला येतो म्हणाला.

मला मामाच नाही, हा भाग वेगळा. फर्स्ट इयरला पहिल्याच दिवशी सत्यमने विचारलं, कुठला रे तू, आणि तोंडातून निघून गेलं, कोथरूडचा. मग कोथरूडचा माणूस लोणावळ्यात कॉलेजला कशाला येईल? तर डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय. राहतोस कुठे? तर मामांचा बंगला. एकातून एक निघत गेलं. याला खोटं म्हणता येणार नाही. हल्ली याला ब्रँडिंग म्हणतात. तसा मी भाजे गावाच्या वरच्या वाडीतला. रोज डोंगर उतरून मळवलीला गाडी धरतो. पण हे कुणाला सांगून काय फायदा?

सत्यम सोमाटण्याचा. घरी शेती, ट्रॅक्टर, सगळं आहे, पण स्वभावाने अगदी साधा. म्हणाला, बंगला गेला तर गेला, दोघं मिळून रूम घेऊ, मला पण रोज जाऊन-येऊन कंटाळा आलाय. मी म्हणालो, माझे इकडे कॉन्टॅक्ट्स आहेत, आठवड्यात चावी हातात देतो.

संकल्प : आजपासून खोटं बंद. बंगला शेवटचा.

गुरुवार, १० जुलै

कॉन्टॅक्ट्स कामाला लावले. म्हणजे लेक्चर बुडवून एकटाच फिरलो.

तुंगार्लीत पहिल्या घरी फक्त फॅमिली. दुसऱ्या घरी बॅचलर चालतात, पण मुली. तिसऱ्या मालकाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, पावसाळ्यात स्टुडंटला खोली देऊन मी काय खाऊ? वीकेंडला टुरिस्ट येतात, ते एका रात्रीत तुझं महिन्याचं भाडं देऊन जातात. त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. तरी बोलण्याची एक पद्धत असते.

सत्यमला सांगितलं, तीन बघितल्या, व्हेंटिलेशन पटलं नाही.

शनिवार, १२ जुलै

कार्ल्यात गेलो. पडवीत एक आबा बसले होते. कोथरूडचा म्हटल्यावर ते म्हणाले, पुन्याची पोरं नगंत, मागची लय दंगा करून गेली. ओळखीतला कुणी असेल तर बघू.

म्हणजे लोकल माणूस हवा. स्ट्रॅटेजी बदलली. पुढच्या घरी पवनेकडचं एक गाव ठोकून दिलं. तिथल्या म्हाताऱ्या मावशींचा चेहराच फुलला. त्यांचं माहेर तेच! कुनाचा रं तू? वरच्या आळीचा का खालच्या? मी म्हणालो, मधल्या. मधली आळी त्या गावात नाही म्हणे. त्यांनी फोन काढला आणि भावाला लावला. मी चपला हातात घेऊन निघालो. छत्री तिथंच राहिली.

मावळात ही एक पंचाईत आहे. कुठलंही गाव सांगा, समोरच्याची तिथे लेक दिलेली असते नाहीतर सून आणलेली असते. माणसाला स्वतःच्या मर्जीने कुठला असण्याची सोयच नाही.

खरं गाव सांगितलं असतं तर? सुचलं होतं. पण रूमवर सत्यम राहणार, मालकाने त्याच्यासमोर एकदा जरी म्हटलं, हा आपल्या वाडीचा, तर माझं दोन वर्षांचं काम पाण्यात.

रविवार, १३ जुलै

घरीच. मूड नाही. आईने विचारलं, काय झालं. मी तिला प्रायव्हसी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. करिअर करायचं तर माणसाला स्वतःची स्पेस लागते. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, अब्यासाला खोली पायजे तर घे की. अर्धं भाडं स्कॉलरशिपमधून निघेल हेही सांगितलं. ती नुसती हं हं करत होती. मग म्हणाली, भाज्यात बग, देवळामागं आडवं घर हाय.

तिला यातलं काय कळतं? ती आपली सकाळी भाज्यात कुणाच्या तरी कामाला जाते, दिवेलागणीला वर येते. लावणीच असणार या दिवसात. कुणाकडे जाते ते मी कधी विचारलं नाही. तरी माहिती म्हणून घेऊन ठेवली. भाज्यातून मी नुसता खाली मान घालून जातो, तोंडाने मला तिथे कुणी ओळखत नाही.

बुधवार, १६ जुलै

रूम मिळाली!!

देवळामागचं आडवं घर. मालकीणबाई झुंबरबाई. सुना-नातवंडांचं घर, मागे नवीन बांधलेल्या दोन खोल्या. जाताच म्हणाल्या, ये बाबा, बस. चहा दिला. डिपॉझिटचं नाव नाही! अशा वेळी पर्सनॅलिटी कामाला येते.

एकदाच विचारलं, कुनाचा तू? मी म्हणालो, कोथरूडचा, पप्पा बँकेत असतात. झुंबरबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, आन आय? मी म्हणालो, टीचर आहे.

माझा रिकामा कप उचलून म्हणाल्या, बरं. शनवार-आयतवार मातुर खोली सोडायची, पावनं असत्यात.

त्यांना अडचण वाटत होती, पण मला हे उलट बरंच. सत्यम शनिवारी सोमाटण्याला जाईल, मी कोथरूडला. म्हणजे वर.

संकल्प : आता मात्र खरंच खोटं बंद. सगळं सेट झालंय, गरजही नाही.

शनिवार, १९ जुलै

एक तांत्रिक अडचण. मळवली स्टेशनवर सत्यमला टाटा करून मागे फिरणार होतो. तो म्हणाला, चल की, आपली एकच गाडी. खरंच की. कोथरूडला जायला पुण्याचीच लोकल.

बसलो. तो घोरावाडीला उतरला, हात करत उभा राहिला. मी पुढे बेगडेवाडीला उतरलो, जिना चढून पलीकडे गेलो आणि परतीची गाडी धरली. मळवलीला उतरून भिजत डोंगर चढलो. घरी पोचेपर्यंत पिंढऱ्या भरून आल्या. याला म्हणतात कमिटमेंट.

आईच्या हातांना फिनेलचा वास येत होता. भातावर कसलं तरी औषध मारत असतील.

शनिवार, २६ जुलै

लिहायचं नव्हतं. पण रोज लिहायचं ठरवलंय.

सकाळी उठायला उशीर झाला. पाहुणे लवकर येणार होते. दारावर टकटक झाली, सत्यमने दार उघडलं. बाहेर आई.

काखेत धुतलेल्या चादरी, हातात बादली. पदर खोचलेला. माझ्याकडे तिने एकदाच बघितलं. मग खाली बघून म्हणाली,

"तुमी जरा भायेर व्हता का? चादरी बदलायच्यात."

तुमी म्हणाली. मला.

सत्यम बॅग भरत होता. बोलायला वेळ होता. भरपूर होता. मी म्हणालो,

"हो मावशी."

वर थँक यू पण म्हणालो.

रविवार, २७ जुलै

काल घरी गेल्यावर आईने नेहमीसारखं आधी मला वाढलं, मग धाकट्या छकुलीला. भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं.

मला वाटतं तिने मला ओळखलंच नसावं. खोलीत अंधार होता. शिवाय मी चष्मा लावला नव्हता. किंवा लावला होता.

छकुली म्हणाली, दादा, तू जेवत का नाहीस. मी म्हणालो, ॲसिडिटी.

सोमवार, २८ जुलै

कॉलेजातून आलो तर झुंबरबाई अंगणात एकट्याच होत्या. सत्यम स्टेशनवर वडापाव खायला थांबला होता. मला त्यांनी बसवून घेतलं. बोलल्या ते जसंच्या तसं लिहितो.

"खोली तुज्या आयनं मागितली व्हती. म्हनली, माजं पोरगं यील, न्हाई म्हनू नका. म्हून डिपॉझिट घेतलं न्हाई. तू येऊन कोथरूड सांगितलंस. सांच्याला म्या तुज्या आयला, भागूला इचारलं, ह्यो काय परकार? तर म्हनली, असू द्या बाई, लाजतंय, तुमीबी काय बोलू नका. म्हून म्या गप ऱ्हायले. पर तिच्या तोंडावर तिला मावशी म्हनलास व्हय रं?"

मी काहीतरी म्हणालो. बहुतेक सॉरी काकू. त्या म्हणाल्या, मला कशापाई म्हनतोस.

म्हणजे पर्सनॅलिटी वगैरे काही नव्हतंच. मी चहा पीत कोथरूड सांगत होतो आणि ती बाई सगळं जाणून ऐकत होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. आणि आई चार वर्षं त्या घरी जाते. मी भातावर औषध मारत बसलो.

लाज वाटते. एवढंच खरं आहे आज.

संकल्प : सत्यमला सगळं सांगायचं. उद्याच.

मंगळवार, २९ जुलै

सत्यमला सर्दी. आजारी माणसाला धक्का देऊ नये.

बुधवार, ३० जुलै

सर्दी बरी. पण प्रॅक्टिकल होतं. दोघंही टेन्शनमध्ये.

गुरुवार, ३१ जुलै

आज म्हणालो, सत्या, एक बोलायचंय. तो म्हणाला, बोल. मी म्हणालो, ते मामांच्या बंगल्याचं... तो म्हणाला, अरे सोड ना यार, किती मनाला लावून घेशील. मी सोडलं.

नवीन प्लॅन. सांगण्यापेक्षा दाखवावं. शनिवारी मुद्दाम थांबायचं. आई आली की उठून तिच्या हातातली बादली घ्यायची आणि म्हणायचं, सत्यम, ही माझी आई. दहा वेळा म्हणून बघितलं. जमतंय.

शनिवार, २ ऑगस्ट

थांबलो. आंघोळ करून, चांगला शर्ट घालून बसलो. सत्यम म्हणाला, आज कुणी बघायला येणारे का तुला?

आई आली. मी उठलो. बादलीला हात लावला. तिने सोडली नाही. हळू म्हणाली, ऱ्हाऊ द्या दादा, सवय हाय.

सत्यम साधा आहे, कुणाशीही बोलतो. त्याने विचारलं, मावशी, तुम्हाला मुलं किती? आता ती सांगेल, मला वाटलं. सांगितलं असतं तर बरंच झालं असतं. माझं काम वाचलं असतं. तिने उशीला खोळ घातली आणि म्हणाली,

"दोन हायेत. पोरगी शाळंत हाय. पोरगा कालेजात. लय हुशार हाय. पुन्याला असतो."

सत्यमला कौतुक वाटलं. म्हणाला, अरे वा, कुठल्या कॉलेजला? तिने माझ्याकडे बघितलं. पुण्यातलं कॉलेज तिला कुठून माहीत असणार? वाक्य माझ्या ओठावर होतं, दहा वेळा म्हटलेलं. मी म्हणालो, सत्या, चल, गाडी चुकेल.

तो घोरावाडीला उतरला, हात केला. मीही केला. बेगडेवाडीला उतरून बाकावर बसलोय. परतीच्या गाड्या एकेक करून सोडल्या, आता दिवे लागले. कुठल्या तोंडाने जाऊ वर?

आत्ता छकुलीच्या मोबाईलवरून आईचा फोन आला होता. मी नुसतं हॅलो म्हणालो. तीच बोलली.

"गेला का तुजा मित्र?"

गेला म्हणालो.

"मंग ये आता घरी. गावातनं येऊ नगंस, तुज्या वळखीचं कुनी भेटंल. वरच्या वाटंनं ये."

मी बरं म्हणालो.